गुणवत्ता यादीच्या अलीकडे

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, आणि त्या दिवसापासून वसई तालुक्यातील माणसाच्या लेखी मुंबई ही परक्या मुलखातील नगरी न राहता सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचे ठिकाण होऊन बसली. वाड्यांतील केळी आणि पानवेलीची पाने या मार्गाने गेली, फुलांच्या टोपल्या गेल्या, अर्नाळ्याची मासळी गेली. मागाहून कारकून, शिक्षिका आणि परिचारिका गेल्या. आणि आज पहाटेच्या गाड्यांत दप्तर पोटाशी धरून उभी असलेली विद्यार्थ्यांची एक मोठी पिढी जात आहे. असे असूनही, ज्या तालुक्यापासून मुंबईतील नामांकित महाविद्यालये सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहेत, त्याच तालुक्यातील एखाद्या लहान माध्यमिक शाळेतून तेथवर पोहोचणारी मुले इतकी थोडी का, हा प्रश्न येथील शिक्षकांना दरवर्षी निकालानंतर पडतो. बुद्धी कमी पडते असे म्हणावे, तर त्याच मुलांची उत्तरपत्रिका तसे सांगत नाही. गुणवत्ता यादी लागते तेव्हा निवड होते असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते निवडीचा बराचसा भाग ती यादी लागण्यापूर्वीच, जेथे कोणी गुण मोजत नाही अशा ठिकाणी, म्हणजे कचेरीच्या खिडकीपाशी, अर्ज भरणाऱ्याच्या टेबलाशी आणि पसंतीक्रमाच्या कागदावर, उरकून गेलेला असतो.

रेल्वेच्या रुळांनी या तालुक्याचे दोन उभे भाग केले आहेत. पश्चिमेस आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास असा वाड्यांचा जुना सुपीक पट्टा; येथे चर्चने आणि स्थानिक संस्थांनी शाळा काढल्या त्याला बराच काळ लोटला, आणि उस्मानाबादच्या २०२० सालच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच पट्ट्यातील नंदाखालचे. पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे पारोळ, भाताणे, मांडवी अशी गावे आणि त्यांचे पाडे; तेथे वारली, कातकरी, मल्हार कोळी यांची वस्ती, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा. मधोमध, स्थानकांच्या दोहों अंगांस, नालासोपारा आणि विरार यांची दाट लोकवस्ती; गिरगाव-लालबागच्या चाळींतून जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकलेली कोकणी कुटुंबे, घाटावरून आणि मराठवाड्यातून आलेले कामगार, आणि त्यांच्या मुलांसाठी एखाद्या इमारतीच्या दोन मजल्यांत भरणाऱ्या शाळा. २००९ साली येथे महानगरपालिका झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा निघाला. परंतु नकाशावर एकच रंग मिळाला म्हणून या तीन दुनिया एक झाल्या नाहीत.

लहान शाळा म्हणजे केवळ लहान इमारत नव्हे. दहावीची एकच तुकडी, तीत पंचवीस-तीस मुले. मुख्याध्यापक स्वतः गणिताचे तास घेतात, आणि त्याच हाताने शिक्षकांच्या पगाराची देयके, पोषण आहाराचा हिशेब आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदसंचाची माहिती पुरी करतात. निवडणूक आली की निम्मा शिक्षकवर्ग त्या कामावर रुजू होतो. पटसंख्या घटली की संचमान्यतेच्या हिशेबाने पद कमी होते, आणि पद कमी झाले की चित्रकलेचा किंवा विज्ञानाचा शिक्षक बहुधा प्रथम जातो. चित्रकलेचा येथे उल्लेख व्हावा याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमीजिएटला ए श्रेणी मिळविणाऱ्यास शालान्त परीक्षेत सात वाढीव गुण मिळतात, आणि जेथे अर्ध्या टक्क्यावर यादी बंद होते तेथे सात गुणांची किंमत काय, हे ज्यांच्या शाळेत त्या परीक्षेचा अर्जच कधी भरला गेला नाही त्यांना निकालाच्या दिवशी कळते.

याहून मोठी उणीव मात्र दिसत नाही, कारण ती माहितीची आहे. बोरिवलीच्या किंवा दादरच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरात अमुक महाविद्यालयाची विज्ञान शाखेची यादी गेल्या वर्षी कितीवर बंद झाली, कोणत्या परीक्षेचा अर्ज कोणत्या महिन्यात निघतो, इत्यादी गोष्टी ताटावर बसल्या-बसल्या मुलांच्या कानावर पडतात. कारण मामा तेथे शिकलेला असतो, आतेबहीण गेल्याच वर्षी प्रवेशाच्या फेऱ्यांतून गेलेली असते. लहान शाळेतील मुलाच्या पुढे असे कोणी गेलेलेच नसते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून निघालेली माटुंग्याची संस्था आज जगभर नाव कमावून आहे, हे त्या मुलाला कोणी सांगितले नाही तर तो तिला पसंती देणार कसा?

पहिला मुक्काम अकरावीचा. पूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात स्वतंत्र रांग असे, आणि त्या रांगेत वशिला, देणगी, ओळखपाळख यांना मुक्त वाव असे. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून ही प्रवेशपद्धती संगणकावर केंद्रीय झाली आणि २०२५ साली ती साऱ्या राज्यास लागू करण्यात आली. या पद्धतीला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, यंत्राला कोणाची चिठ्ठी दाखविता येत नाही, आणि पाड्यावरील मुलीचा अर्ज व मंत्र्याच्या भाच्याचा अर्ज एकाच रकान्यात बसतो, ही गोष्ट सामान्य नाही.

या प्रवेशांवरून न्यायालयांत जे तंटे झाले त्यांचा इतिहास मात्र बोधप्रद आहे. २००८ साली शासनाने वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी पर्सेंटाइलचे सूत्र काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांस राखण्याचा हुकूम निघाला, तोही टिकला नाही. २०१० साली सहांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचा मार्ग निघाला, तो उच्च न्यायालयात हरला आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तीन वर्षे चाललेल्या या वादात राज्य मंडळ एका बाजूस आणि केंद्रीय मंडळे दुसऱ्या बाजूस होती. एकाच राज्य मंडळाच्या छत्राखाली शिवाजी पार्कची शाळा आणि भाताण्याची शाळा यांच्यात जे अंतर आहे, त्याच्यासाठी कोणी वकीलपत्र घेतले नाही.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात नाव, प्रवर्ग, गुण इत्यादी माहिती. दुसऱ्यात पसंतीचा क्रम. खरी मेख या दुसऱ्या भागात आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. नियम असा की, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय ज्याला मिळाले त्याने तेथेच प्रवेश घ्यावयाचा. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून तो बाद. यंत्र विद्यार्थ्याचा क्रम वरून खाली वाचत जाते आणि ज्या पहिल्या ठिकाणी त्याचे गुण पुरतात तेथे त्याला थांबविते; वरच्या ठिकाणी गुण पुरले नाहीत म्हणून खालच्या ठिकाणचा हक्क तिळमात्र कमी होत नाही. म्हणजे दुर्लभ महाविद्यालय अग्रभागी लिहिण्यात गमावण्यासारखे काहीच नाही. परंतु हे ज्याला ठाऊक नाही, तो भित्रेपणाने वागतो. समजा, आगाशीच्या एका मराठी शाळेतील मुलीला ९३ टक्के गुण पडले आहेत. तिला रुईयाला किंवा झेवियर्सला जावेसे वाटते. पण घरात कोणी म्हणते, आधी हातचे तरी पक्के कर, मोठ्या ठिकाणी नंबर लागला नाही तर वर्ष फुकट जायचे. त्या सल्ल्यानुसार ती जवळचे, सत्तर टक्क्यांना सहज मिळणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर घालते आणि रुईया दुसऱ्यावर. पहिल्या फेरीत यंत्र तिला तिचे पहिले मागणे तत्काळ मंजूर करते आणि तिची वाट बंद होते. कोणी तिच्यावर अन्याय केला नाही, कोणी लाच घेतली नाही, नियमाचा भंग झाला नाही. आणि तरीही तिचा दोन वर्षांचा मार्ग एका चुकीच्या सल्ल्याने ठरून गेला. या एका कलमाची उकल दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहून तासाभरात करता येते, आणि ती न होणे यासारखी स्वस्तात होणारी हानी आम्हांस दुसरी माहीत नाही.

कोट्यांविषयी थोडक्यात सांगतो. ज्या संस्थेची शाळा आणि महाविद्यालय दोन्ही आहेत तिच्या विद्यार्थ्यांस अंतर्गत कोटा मिळतो. एकटी, निराधार अशी लहान शाळा ज्यांची, त्यांना तो नाही. अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात, आणि १९९८ साली स्वतंत्र धर्मप्रांत झालेल्या वसईतील ख्रिस्ती कुटुंबांस मुंबईतील ख्रिस्ती महाविद्यालयांत याचा लाभ घेता येतो. १८६९ साली जेझुइटांनी स्थापिलेले सेंट झेवियर्स हे त्यांतील सर्वांत मानाचे. हा लाभ वसईतील अनेक घरांना ठाऊक आहे. कागद वेळेवर जमा झाले नाहीत म्हणून तो हुकलेली घरेही आहेत.

आता दाखल्यांकडे वळतो, कारण या सगळ्या व्यवहाराचे मर्म तेथे आहे. जून महिन्यात वसई गावातील तहसील कचेरीच्या आसपासच्या सेवा केंद्रांत जाऊन अर्धा दिवस उभे राहिल्यास शिक्षणव्यवस्थेविषयी जे ज्ञान होते ते कोणत्याही अहवालात मिळत नाही. एका टेबलापाशी मुलगी, तिचे वडील आणि कळफलकावर बोटे ठेवून बसलेला तरुण. "ओटीपी आला का काका?" तो विचारतो. आधारला जोडलेला मोबाइल थोरल्या मुलाजवळ, आणि थोरला साकीनाक्याच्या कारखान्यात. त्याला फोन लावतात, तो उचलत नाही, दहा मिनिटांची मुदत संपते, पुन्हा प्रारंभ. शेजारच्या टेबलावर वेगळाच पेच. मुलाचे आडनाव डिसोजा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत इंग्रजी 'डी' या अक्षरानंतर वरती स्वल्पचिन्ह आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यात तेथे मोकळी जागा आहे, आधारवर सारी अक्षरे सलग आहेत, आणि अर्जाचा रकाना चिन्ह म्हणून काही स्वीकारतच नाही. "आधारवर आहे तसंच टाकतो, पण पडताळणीला शाळेचा कागद जुळला पाहिजे, सर," असे तो तरुण म्हणतो आणि बाप हताशपणे कागदांकडे पाहत राहतो. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली डिमेलो, डिसिल्वा, डाबरे, लोपीस ही आडनावे वसईत घरोघर आहेत. एका टिंबाएवढ्या खुणेने किती जणांच्या अर्जाला हरकत निघत असेल याचा अंदाज त्या टेबलापाशीच येतो.

पूर्व पट्ट्यातील अडचण निराळी. आईबाप वीटभट्टीवर असताना मूल जन्मले, नोंद झाली नाही, शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकली. एका वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो असे हजेरीपट महाराष्ट्रभर सापडतील. शाळेपुरते हे चालते. पुढे एखाद्या कागदावर दुसरीच तारीख निघाली की अडते.

सर्वांत कठीण दाखला जातीचा, आणि तो सर्वांत अवघड होतो तो नालासोपारा-विरारच्या मुलाला. कायद्याने यासाठी मानीव दिनांक ठरवून दिले आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी कुटुंब जेथे राहत होते तेथील सक्षम अधिकाऱ्याकडून दाखला मिळवावयाचा. ज्याचे आजोबा त्या काळी गुहागर तालुक्यात होते, त्या विरारच्या मुलाला आजोबांच्या शाळेचे जुने रजिस्टर, गावचा नमुना, कोतवाल बुकातील नोंद यांसाठी कोकण गाठावे लागते. आणि परीक्षा संपून निकाल लागेपर्यंतचा अवधी त्याला पुरत नाही. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या दाखल्याची पडताळणी २००१ च्या अधिनियमाप्रमाणे समितीकडून व्हावी लागते. नॉन-क्रीमी लेअरचे प्रमाणपत्र ३१ मार्चपर्यंतच्या मुदतीचे असते, निकाल लागतो मे महिन्यात, म्हणजे ज्याने आधी काढून ठेवले त्याचेही जुने झालेले असू शकते. त्या ऐन गर्दीत सर्वांचे अर्ज एकाच कचेरीवर येऊन आदळतात. वारंवार मुदतवाढ द्यावी लागते, यावरून यंत्रणेलाही हा गुंता ठाऊक आहे असे दिसते. मागासांना पुढे आणण्यासाठी निर्माण झालेल्या सवलतीचा लाभ, ज्यांचे कागद पिढ्यान्‌पिढ्या नीट लावून ठेवलेले आहेत त्यांना आधी मिळावा आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांनी रांगेत उभे राहावे, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा विपर्यास होय.

कागदाने माणूस अडविण्याचा हा प्रकार आजचा नाही. १८७५ साली दापोलीजवळच्या मुरुडचा एक विद्यार्थी सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास गेला. परीक्षेस सतरा वर्षे पुरी असण्याची अट होती. त्याला ती पुरी झाली होती, परंतु मुलगा दिसावयास लहानखुरा, तेव्हा समितीच्या प्रमुखांनी त्याला परीक्षेस न बसविता परत पाठविले. तो विद्यार्थी पुढच्या वर्षी कोल्हापूरला परीक्षा उतरला, मग मुंबईस येऊन १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन बी. ए. झाला, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे या नावाने भारतरत्न ठरला. परत फिरून पुन्हा चालत येण्याची जिद्द थोरांच्या ठायी असते, हे खरे. पण परतल्यावर पुन्हा न आलेल्यांची नावे इतिहासाला ठाऊक नसतात, हेही विसरून चालणार नाही.

बारावीनंतरचा घाट याहून चढाचा आहे. अभियांत्रिकीला राज्याची सीईटी; तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून दीडशे प्रश्न व दोनशे गुण, गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि सुमारे वीस टक्के भाग अकरावीवर. बारावीच्या गुणांना येथे पात्रतेपुरतेच मोल उरते. क्रम लागतो तो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. भौतिक व रसायनशास्त्राचा प्रश्न मराठीतून वाचता येतो. गणित मात्र इंग्रजीतच. आयआयटीच्या पहिल्या पायरीची जेईई मेन परीक्षा २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत होते. दुसऱ्या पायरीला इंग्रजी आणि हिंदी एवढ्याच भाषा. दहावीपर्यंत सारे मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीत विज्ञानाला जातो तेव्हा एका उन्हाळ्यात त्याचा सगळा शब्दसंग्रह बदलतो. त्वरण, प्रवेग, संयुजा ही ओळखीची नावे गळून पडतात, आणि पहिले सहा महिने तो विषयाशी न झगडता भाषेशी झगडत असतो. शाळेने आठवीपासून सेमी-इंग्रजीचा वर्ग चालविला असेल तर हा धक्का सौम्य होतो. परंतु सेमी-इंग्रजीलाही शिक्षक लागतोच.

दुसरा पेच क्लासचा. 'इंटिग्रेटेड' या नावाची एक विलक्षण व्यवस्था गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. विद्यार्थ्याचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, आणि विद्यार्थी दिवसभर खासगी शिकवणीत. शासनाने २०१८ साली बायोमेट्रिक हजेरीचा उपाय योजला, तरी क्लासच्या फलकांची संख्या कमी झालेली दिसत नाही. ज्याच्या घरात दोन वर्षांची ती फी देण्याचे सामर्थ्य नाही तो नियमित वर्गात बसतो, आणि त्या वर्गात पुष्कळदा तो आणि त्याचे दोन-चार मित्र एवढेच असतात. अशा विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही असे आम्ही आवर्जून सांगू. राज्याच्या सीईटीची पातळी पाठ्यपुस्तकाला धरून आहे, वजा गुण नाहीत, आणि राज्य मंडळाची दोन वर्षांची पुस्तके ज्याने खरोखर पचविली त्याचा पाया भक्कम असतो. आयआयटीविषयी हे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

प्रवेश कोठे घ्यावा याविषयी वसईत एक अंधश्रद्धा आहे, तीही बोलून टाकतो. मुंबईचे म्हणजे चांगले आणि इथले म्हणजे नाइलाजाचे, हा समज सर्वस्वी खरा नाही. १८८७ सालापासून चालत आलेली व्हीजेटीआय आणि १८५७ सालचे सर ज. जी. कलाविद्यालय यांची थोरवी वादातीत आहे. तेथे क्रम लागत असेल तर पहाटेची गाडी पकडावी. परंतु मुंबईतील एखाद्या नावापुरत्या खासगी महाविद्यालयासाठी रोज तीन तास उभ्याने प्रवास करण्यापेक्षा १९९४ सालापासून वसईतच चाललेल्या विद्यावर्धिनीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विचार करावा हे शहाणपणाचे. विरारच्या गाडीत शिरण्याची लढाई ज्याने रोज केली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पारोळच्या मुलीला तर त्याआधी एसटीची किंवा महापालिकेच्या बसची वाट पाहावयाची असते, आणि परतताना अंधार पडतो. अनेक वडिलांचा नकार बुद्धीपाशी न येता या अंधारापाशी येऊन थांबतो. मुलींच्या बाबतीत एक मोठी सोय मात्र झाली आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय फेरीतून व्हावा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. पुन्हा येथेही उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला आलाच.

इतर देशांत या प्रश्नाला कशी उत्तरे दिली आहेत ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील निवडक महाविद्यालये गुणांबरोबर विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेतील समुपदेशकाचा अभिप्राय मागवितात. आपल्याकडील एका आकड्याच्या कठोरतेपेक्षा हे माणुसकीचे वाटते, परंतु जेथे चांगला समुपदेशक आहे त्या श्रीमंत शाळेलाच त्याचा अधिक लाभ होतो हे त्यांचेच लोक सांगतात. टेक्सस राज्याने १९९७ साली निराळा मार्ग काढला: राज्यातील प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांस राज्य विद्यापीठांत थेट प्रवेश. शाळा ह्यूस्टनची असो वा शेतवाडीतील, वर्गात पहिला आलेला मुलगा पहिलाच. पुढे मुख्य विद्यापीठाने जागांच्या मर्यादेमुळे ही टक्केवारी कमी केली, पण तत्त्व राहिले. आपल्याच देशातील तामिळनाडूने २०२० साली वैद्यकीय प्रवेशांत, सहावी ते बारावी शासकीय शाळेत शिकलेल्या आणि 'नीट' परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. पुढल्या वर्षी ही तरतूद अभियांत्रिकीपर्यंत नेली आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली ती वैध ठरविली.

महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत जात आहे, धर्म आहे, उत्पन्न आहे, विद्यापीठाचे क्षेत्र आहे, माजी सैनिकांचे पाल्य आहेत. विद्यार्थी कशा शाळेतून आला, त्या शाळेत गणिताचा शिक्षक होता की नव्हता, हे विचारणारा रकाना कोठेच नाही. तामिळनाडूचे अनुकरण जसेच्या तसे करावे असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडे माध्यमिक शिक्षण मुख्यतः अनुदानित खासगी संस्थांनी उभारले, त्यामुळे 'शासकीय शाळा' ही व्याख्या येथे अपुरी पडेल. आश्रमशाळा, जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या शाळा, तसेच ठराविक पटसंख्येखालील अनुदानित मराठी शाळा, यांतील विद्यार्थ्यांस काही जागा राखणे मात्र अशक्य नाही. त्यासाठी लागणारी सारी माहिती यू-डायसच्या दप्तरात आजच जमा आहे.

शासन ते करील तेव्हा करील. तोवर शाळांनी करण्याजोगे काम खर्चाचे नाही. आठवीत मूल आले की त्याच वर्षी जन्मतारीख, नाव आणि आडनाव सर्व कागदांवर एकसारखे करून घ्यावे. जातीच्या दाखल्याचा अर्ज नववीच्या दिवाळीपूर्वी जावा. आठवीतच एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसवावे, कारण वर्षाचे बारा हजार रुपये चार वर्षे मिळाले तर अकरावीचा पास आणि पुस्तके त्यातून निघतात. आणि दहावीच्या निकालाआधी एका शनिवारी पालकांना बोलावून पसंतीक्रमाचे ते एक कलम फळ्यावर उलगडून दाखवावे.

या कामाला मुख्याध्यापकांना फुरसत नाही हे आम्ही वर सांगितलेच. म्हणून हा लेख वाचणाऱ्यांपैकी जे वसई-विरारच्या अशाच एखाद्या शाळेतून शिकून आज मुंबईत नोकरीस आहेत, त्यांना विनंती की, येत्या महिन्यात एक सुट्टी आपल्या जुन्या शाळेसाठी ठेवावी, आणि कार्यालयात जाऊन एवढेच विचारावे: यंदा दहावीच्या पटावर किती मुले आहेत, आणि त्यांपैकी कितींचे दाखले अजून निघावयाचे आहेत.